गोष्ट अजब असली म्हणून पुरावा माफ होत नाही

नागपुरातला सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. वर्षातले मोजके राष्ट्रीय दिवस सोडले तर सामान्य माणसाला आत जाता येत नाही. म्हणूनच पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारीला तिथे गर्दी होते आणि किल्ल्याचं नाव निघालं की एक गोष्ट हमखास निघते. महात्मा गांधींना इंग्रजांनी इथे कैदेत ठेवलं होतं, १९२३ सालच्या एप्रिल-मे महिन्यांत. सालमहिन्यासकट सांगितलं की कोणी शंका घेत नाही. पर्यटनाच्या माहितीत हे असतं, सहलीला आलेली मुलं ते वहीत उतरवून घेतात, आणि पुढच्या वर्षी त्याच वहीवरून भाषण होतं.

गांधीजींना अटक झाली १० मार्च १९२२ रोजी. १८ मार्चला अहमदाबादेत खटला चालला, सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी पुण्याला येरवड्याच्या तुरुंगात झाली. जानेवारी १९२४ मध्ये अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांना ससून रुग्णालयात हलवलं आणि ५ फेब्रुवारीला सोडून दिलं. १९२३ चं अख्खं साल ते येरवड्यात होते. यासाठी कुठल्या दफ्तरखान्याची धूळ खावी लागत नाही. गांधीजींचं कोणतंही बरं चरित्र उघडलं की पाच मिनिटांत उलगडा होतो. तरी ती पाच मिनिटं आपण काढत नाही.

मला या चुकीचा त्रास होतो तो वेगळ्या कारणाने. त्याच १९२३ साली, त्याच महिन्यांत, त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी नागपुरात खरंच काही विलक्षण घडत होतं. चरखा असलेला तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या वस्तीत, शिरायला सरकारने बंदी केली होती. १ मेपासून सत्याग्रही हातात झेंडा घेऊन तिकडे निघायचे, पकडले जायचे, आणि दुसऱ्या दिवशी नवे निघायचे. दगड नाही, लाठी नाही. एका रस्त्यावरून झेंडा घेऊन चालत जायचं, एवढीच मागणी. जमनालाल बजाजांनी हा लढा उभा केला आणि जूनमध्ये ते तुरुंगात गेले. मग वल्लभभाई पटेल नागपुरात येऊन बसले. देशाच्या कानाकोपऱ्यातून स्वयंसेवक रेल्वेने येत राहिले, हजारावर माणसं गजाआड गेली. शेवटी १८ ऑगस्टला झेंड्याची मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली आणि सरकारने ती जाऊ दिली. गांधीजी तुरुंगात असताना, त्यांचा शब्दही बाहेर येत नसताना, त्यांच्या पद्धतीने लोकांनी साडेतीन महिने लढा चालवला आणि जिंकला. नागपूरला याहून मोठी गोष्ट कोणती हवी? पण झेंडा सत्याग्रह कुठून कुठे गेला, हे आज शंभर नागपूरकरांना विचारा. किल्ल्यातली गांधीजींची खोली मात्र सगळ्यांना ठाऊक.

माझं म्हणणं एवढंच आहे. इतिहासातल्या अजब, कमी माहितीच्या गोष्टींचा आज सुळसुळाट आहे. सकाळी फोन उघडला की ‘तुम्हाला हे माहीत आहे का?’ असं म्हणत चार तरी येतात. त्या वाचाव्यात, सांगाव्यात. मला स्वतःला त्यांचं वेड आहे. पण गोष्ट जितकी अजब, तितका पुरावा पक्का हवा. आपण नेमकं उलटं करतो. गोष्ट रंजक निघाली की ‘असेल बाबा’ म्हणून पुढे ढकलतो. आणि खोट्या गोष्टीने नुसती एक चूक पसरत नाही. तिच्या जागी जी खरी गोष्ट असायला हवी होती, ती बाहेर फेकली जाते. खरी गोष्ट बहुधा जास्त अजब असते, हे तर आणखी वाईट.

बाकाबाईंचं उदाहरण घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले दोन मोठे पुतळे, मिरवत निघतात. ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ या गजरात सारा जुना नागपूर रस्त्यावर असतो. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, असं परंपरा सांगते. रोगराई, दुष्काळ, महागाई, लाचखोरी, त्या वर्षी जे जे छळतं त्याचा बडग्या, म्हणजे पुरुषाचा पुतळा, होतो आणि गावाबाहेर जाऊन जळतो. साऱ्या देशात अशी मिरवणूक दुसरी मला माहीत नाही आणि तिचा मला अभिमान आहे. काळ्या मारबतीचा अर्थ मात्र ठरून गेलेला आहे : ही नागपूरच्या भोसले राजघराण्यातली बाकाबाई, इंग्रजांना फितूर झालेली.

कागदपत्रांतली बाकाबाई कोण आहे? दुसऱ्या रघूजी भोसल्यांची राणी. १८१६ साली नवरा गेला. वर्षाच्या आत गादीवर आलेल्या रघूजींच्या मुलाचा, परसोजीचा, खून झाला आणि त्याचे चुलतभाऊ आप्पासाहेब राजे झाले. १८१७ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई झाली, आप्पासाहेब हरले. १८१८ साली इंग्रजांनी एका लहान मुलाला तिसरा रघूजी म्हणून गादीवर बसवलं आणि त्याच्या वतीने कारभार पाहायला बाकाबाईंना नेमलं. प्रत्यक्षात राज्य चालवत होता रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, जेन्किन्स. सैन्य हरलेलं, गादीवर पोर, दारात इंग्रज फौज. अशा वेळी त्या बाईने इंग्रजांशी जमवून घेतलं. फितुरी म्हणा, राज्याचं नाव टिकवणं म्हणा, किंवा स्वतःचं स्थान राखणं म्हणा. माझ्या मते तिन्ही थोडं थोडं होतं.

पुढचा भाग मात्र मिरवणुकीत कोणी सांगत नाही. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी औरस वारस न ठेवता वारले. डलहौसीने दत्तकाची वाट बंद केली आणि १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. मग राजवाड्याची झाडाझडती सुरू झाली. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीत लिलावात मातीमोल भावाने विकले गेले. राण्यांचे दागिने कलकत्त्याला नेऊन बाजारात मांडले. वाड्यातलं सामान काढायला माणसं आली तेव्हा म्हाताऱ्या बाकाबाई कडाडल्या : सामानाला हात लावाल तर वाडा पेटवून देईन. हे कुठल्या भोसलेभक्ताने लिहिलेलं नाही. जॉन के या इंग्रज इतिहासकाराने आपल्याच सरकारच्या कारभाराची लाज वाटून लिहिलेलं आहे. आणि तीन वर्षांनी, १८५७ मध्ये, याच बाकाबाईंनी घराण्याला उठावापासून लांब ठेवलं आणि आपलं वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकलं. ज्यांनी वाडा लुटला, त्यांच्याच! १८५८ साली त्या गेल्या. काळी मारबत निघू लागली ती त्यानंतर तेवीस वर्षांनी.

ही बाई एका शब्दात मावत नाही. चाळीस वर्षं ती एका बुडत्या राज्याच्या मध्यभागी उभी होती. तिचा प्रत्येक निर्णय आपण आज तपासू शकतो, काहींवर कठोर टीकाही करू शकतो. पण ‘फितूर’ एवढा एक शिक्का मारला की विचार करायचं काही उरत नाही. लढाई हरलेले पुरुष, सैन्यातली बेदिली, गादीसाठी झालेला खून, हे सगळं मागे पडतं आणि राज्य बुडाल्याचा सारा दोष एका विधवेच्या माथी बसतो. आपल्याकडे हे इतक्या सहज का होतं, हाही प्रश्न विचारायला हवा.

मारबतीच्या दिवशी जागनाथ बुधवारीत मी हे बोललो तेव्हा एका वयस्कर काकांनी मला थांबवलं. “हे कागद कोनाचे हायेत भाऊ? इंग्रजांचेच ना? मंग तेच खरे, अन् आमच्या आजीनं सांगतलं ते खोटं?”

प्रश्न रास्त आहे आणि तो टाळता येत नाही. नागपूरच्या एकोणिसाव्या शतकाचे बरेचसे कागद जिंकणाऱ्याच्या हातचे आहेत. जेन्किन्सने राज्याचा सविस्तर अहवाल लिहिला तो कंपनीला राज्य कसं चालवावं हे कळावं म्हणून, भोसल्यांच्या प्रेमाने नव्हे. म्हणून तो वाचताना कोण लिहितोय, कोणासाठी, काय लपवतोय हे विचारत वाचावं लागतं. बखरी, मोडी पत्रं, पोवाडे त्याच्या शेजारी ठेवावे लागतात. काकांच्या आजीचा शब्दही मी टाकून देणार नाही. १८८० च्या दशकातल्या विणकर आणि तेली वस्त्यांमध्ये गेलेल्या राज्याबद्दल आणि आलेल्या राज्याबद्दल काय चीड होती, याचा तो अस्सल पुरावा आहे. १८५४ च्या राजवाड्यात काय झालं याचा मात्र तो पुरावा नाही. दोन्ही गोष्टी दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात, आणि आपण एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवतो. मारबत निघू द्या, जळू द्या, पुढची शंभर वर्षं जळू द्या. पण शाळेत बाकाबाई शिकवताना वाडा पेटवायला निघालेली बाईही मुलांना भेटली पाहिजे.

आता कोणी म्हणेल, इतक्या चौकशीने गोष्टीतली मजाच जाते. मला हे अजिबात पटत नाही. आप्पासाहेबांचंच बघा. सीताबर्डीनंतर इंग्रज त्यांना कैद करून अलाहाबादकडे नेत होते. मे १८१८ मध्ये, जबलपूरच्या अलीकडे मुक्काम असताना, आप्पासाहेब पहाऱ्यावरच्या काही शिपायांना फितवून शिपायाच्याच पोशाखात छावणीतून निघून गेले. पलंगावर त्यांच्या जागी उशी ठेवलेली. पहाऱ्याचा अधिकारी तंबूत डोकावला तेव्हा दोन सेवक ‘महाराजांचे’ पाय चेपत बसलेले! इंग्रज लेखकांनीच हे नोंदवलेलं आहे. पुढे महादेवाच्या डोंगरांत गोंडांनी त्यांना आसरा दिला, मग असीरगड, मग रणजितसिंहांचं लाहोर, आणि शेवटी जोधपूर. तिथल्या मानसिंहांनी इंग्रजांचा दबाव येऊनही पाहुणा परत दिला नाही. १८४० साली आप्पासाहेब तिथेच वारले, बावीस वर्षं नागपूर न पाहता. यात कोणी काय भर घालणार? गुप्त खजिना, भुयार, शाप, कशाचीही गरज नाही. आणि हा माणूस आपल्या मुलांना ठाऊक नाही, कारण त्याच्या गोष्टीला तारीख आहे, वार आहे, आणि तारखा लागल्या की आपण तिला ‘अभ्यास’ म्हणून बाजूला सारतो.

झिरो माईलचंही तेच झालं आहे. विधान भवनाजवळचा तो वालुकाश्माचा स्तंभ आणि ते चार घोडे म्हणजे भारताचा मध्यबिंदू, इथूनच साऱ्या देशाची अंतरं मोजली गेली, असं आपण पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. स्तंभाशी जाऊन त्यावर कोरलेली गावं वाचा. शिवनी, छिंदवाडा, बैतूल, चांदा, रायपूर, जबलपूर, हैदराबाद. मध्य प्रांतातून निघणाऱ्या वाटा आहेत या. दिल्ली नाही, मुंबई नाही, कलकत्ता नाही. शिवाय विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रह्मदेशही ब्रिटिश हिंदुस्थानात होता. तो धरून मध्य काढला तर कुठे जाईल? आजच्या भारताचा मध्य म्हणून मध्य प्रदेशात कटनी जिल्ह्यातलं करौंदी दाखवतात. वाद घालणाऱ्यांनी घालावा.

त्या दगडाचं खरं मोल त्याच्या उंचीत आहे. महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचं, म्हणजे इंग्रजांनी केलेल्या साऱ्या देशाच्या मोजणीचं, ते प्रमाण तलचिन्ह, म्हणजे उंची मोजायची पक्की खूण, आहे, आणि त्यावरची समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट अशी दिलेली आहे. फुटाचा हजारावा भाग! समुद्र इथून शेकडो मैलांवर. पुढे एक मोजपट्टी, मागे एक मोजपट्टी, मधे पातळी बघायची दुर्बीण. काही पावलं पुढे सरकायचं आणि पुन्हा मांडायचं. घाट, नद्या, काळी माती ओलांडत माणसांनी समुद्राची पातळी अशी हाताने उचलून नागपूरपर्यंत आणली. त्या मोजपट्ट्या धरणारे, सामान वाहणारे, उन्हात उभे राहणारे बहुतेक आपलेच लोक होते आणि त्यांची नावं कुठल्या दगडावर नाहीत. पाहुण्यांना सांगायचं तर हे सांगावं.

‘गोष्टीमुळे तरी लोक इतिहासाकडे वळतात, मग चूक असली म्हणून काय बिघडलं?’ हा युक्तिवाद शिकलेली माणसंसुद्धा करतात. बिघडतं ते असं, की भाकडकथेची सवय लागलेल्या माणसाला खरी लहानशी वस्तू दिसतच नाही. रामटेकजवळच्या नगरधनला २०१५ ते २०१८ या काळात उत्खनन झालं. तिथे मातीची एक मुद्रा सापडली. लंबगोल, तळहाताच्या खोलगट भागात सहज मावेल एवढी, वजन सहा ग्रॅमच्या जवळपास. तिच्यावर ब्राह्मी लिपीत नाव आहे प्रभावतीगुप्तेचं, आणि सोबत शंख. ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटकांची सून. नवरा लवकर गेला, मुलं लहान होती, म्हणून तिने इथूनच राज्य चालवलं, पाचव्या शतकाच्या आसपास. तिचे ताम्रपट आहेत. लग्नानंतरही ती त्यात आपलं माहेरचं गोत्र लावते आणि घराण्याची वंशावळ सांगताना सासरच्या आधी बापाचं घराणं सांगते. इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी नागपुरात राहून या वाकाटक लेखांवर जन्मभर काम केलं. ताम्रपटावरून जी बाई ठाऊक होती, तिच्या कारभाराची निशाणी सोळाशे वर्षांनी तिच्याच राजधानीच्या मातीतून वर आली. नागपूरपासून तासाभराच्या अंतरावर! मुलाच्या वतीने राज्य करणारी बाई म्हणून बाकाबाईंच्या आधी चौदा शतकं ही होऊन गेली. दोघींना शेजारी ठेवून एक धडा लिहिता येईल. आपण लिहीत नाही.

मला काय हवं आहे, ते सांगतो. वारसास्थळावर जी पाटी लागते, तिच्यावर कागदाने सिद्ध झालेलं काय आणि लोक सांगतात ते काय, हे वेगवेगळं लिहिलेलं असावं. ‘अशी आख्यायिका आहे’ हे तीन शब्द लिहिल्याने कोणाचा अपमान होत नाही. पाटीवर लिहायच्या आधी मजकूर जाणकारांना दाखवावा. विदर्भ संशोधन मंडळ शहरातच आहे, विद्यापीठात पुरातत्त्वाचा विभाग आहे. आठवी-नववीच्या मुलांना प्रकल्प म्हणून आपल्या मोहल्ल्यातली एक ऐकीव गोष्ट द्यावी आणि तिचा माग काढायला ग्रंथालयात पाठवावं. खरी निघाली तरी चालेल, खोटी निघाली तरी चालेल. माग काढताना सापडतं तेच त्यांचं धन. आणि आपल्यापैकी प्रत्येकाने पुढे पाठवण्याआधी एक प्रश्न विचारावा : हे पहिल्यांदा कोणी, कधी लिहिलं?

घाई कशाची, असं वाटेल. घाई आहे. काटोल रस्त्यावर जुनापाणीला शिळावर्तुळं आहेत, सुमारे तीनशे. मोठे दगड गोल मांडलेले, आत मातीचा उंचवटा, काही दगडांवर कोरलेले वाटीसारखे खड्डे. माहूरझरीला अशीच आहेत, टाकळघाट-खापाला आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात लोक इथे आपल्या मेलेल्यांना पुरत होते. नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देवांनी १९७० च्या आसपास माहूरझरी खणलं तेव्हा माणसांबरोबर घोडे निघाले, आणि घोड्यांच्या तोंडावर बसवायचे तांब्याचे दागिने. या वर्तुळांचं वेड लागलेला पहिल्या काही लोकांतला एक म्हणजे स्टीफन हिस्लॉप, ज्याच्या नावाचं कॉलेज आपण रोज बघतो. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची वर्तुळं पाहून परतताना बोरीजवळ पूर आलेल्या नाल्यात तो बुडून मेला.

गांधीजींच्या खोलीची चूक उद्या सुधारता येईल. येरवड्याचे कागद कुठे पळून जात नाहीत. शिळावर्तुळांचं तसं नाही. शहर हिंगण्याकडे, काटोल रस्त्याकडे, बुटीबोरीकडे पसरत चाललं आहे. गावठाणाबाहेरच्या पडीक जमिनीवर लेआउट पडतात, जेसीबी येतो, आणि गोल मांडलेले दगड हे अडथळा म्हणून बाजूला होतात. ढकलणाऱ्याचा दोष नाही. ते काय आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून लेआउटला मंजुरी देण्याआधी त्या जमिनीवर अशी वर्तुळं आहेत का, याची पाहणी सक्तीची करा, आणि असतील तिथे गावनकाशावर आणि सातबाऱ्यावर तशी नोंद घाला. हे काम जिल्हा प्रशासन आणि पुरातत्त्व विभाग मिळून एका उन्हाळ्यात सुरू करू शकतात, कारण बरीचशी ठिकाणं उत्खननांच्या अहवालांत आधीच नावानिशी लिहिलेली आहेत.